निपाणी ते सांबरा, हवेतून चाळीस मैल

३ जानेवारी १९३७, रविवार. सकाळी ७.

नवी वही. ही वही विमानाची आहे. दुसरं काही यात लिहायचं नाही असा नियम केला आहे.

मालकांकडे येणाऱ्या इंग्रजी मासिकात एका साहेबानं प्लॅन छापला आहे. घरच्या घरी, सुट्टीच्या वेळात, हलकं विमान. एक माणूस, एक इंजिन, बाकी लाकूड आणि कापड. साहेब लिहितो की ज्याला साधी पेटी ठोकता येते त्याला हे विमान करता येईल. मी तंबाखूच्या वखारीत बारा वर्षं दिवाणजी आहे. पेट्या मी स्वतः ठोकलेल्या नाहीत, पण ठोकून घेतल्या आहेत. ते जास्त अवघड.

उद्देश: पद्मावतीला बेळगावजवळच्या सांबऱ्याहून घरी आणणं. बायको मे महिन्यात चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली ती गेलीच. शांता गेल्यानंतर. शांता आमची मुलगी, चार वर्षांची. घसा धरला, इथल्या डॉक्टरांनी बेळगावला न्या म्हणून सांगितलं, आणि सर्व्हिस मोटार वंटमुरीच्या घाटात असताना गेली. निपाणी ते बेळगाव सत्तेचाळीस मैल, त्या दिवशी नऊ तास लागले. चूक रस्त्याची.

हे एकदाच लिहिलं. परत नको.

हिशोब: हवेतून निपाणी–सांबरा चाळीस मैल. साहेबाचं विमान ताशी साठ. म्हणजे चाळीस मिनिटं. त्या रस्त्यावर मी परत पाय ठेवणार नाही, आणि आता ठेवायची गरजही नाही. पाडव्याला पद्मावती घरी.

१० जानेवारी, रविवार.

यल्लाप्पा सुताराला वखारीच्या मागच्या खोलीत बोलावून प्लॅन दाखवला. त्यानं तो आधी उलटा धरला, मग आडवा, मग परत उलटा. शेवटी म्हणाला, आगंगिल्ल. त्याच्या कानडीत जमणार नाही. मी मनावर घेतलं नाही. शांतेच्या पाळण्याच्या वेळीही तो आधी आगंगिल्लच म्हणाला होता आणि मग आठ दिवसांत करून दिला.

(नियम मोडला. पुढे लक्ष ठेवणे.)

घरी अक्काताईला सांगितलं. थोरली बहीण, तिचे यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असते. ती म्हणाली, इमान कर न्हायतर आगगाडी कर, पण दिस मावळायच्या आत जेवायला ये. मी जैनाच्या घरात जन्मलो आहे, दिवस मावळल्यावर जेवायचं नसतं हे मला कुणी सांगायला नको. पण वाद घातला नाही. मोठ्या कामात लहान वाद टाळावेत.

जेवण: काय होतं आठवत नाही.

१७ जानेवारी, रविवार. दुपारी.

जिनाप्पा आला होता. पद्मावतीचा धाकटा भाऊ, गुळाच्या व्यापारानिमित्त इकडे येतो. अंगणात उभा राहूनच म्हणाला, दाजी, पद्माक्काला न्यायला कवा येतासा? तुम्ही आल्याबिगर ती कशी येईल? आपली रीतच न्हाय तशी. लोक आईला इचारायला लागल्यात.

बरोबरच आहे. सासरच्या माणसानं न्यायला जायला हवं, बाई आपण होऊन उठून येत नाही. मी त्याला आत नेऊन प्लॅन दाखवला. खूप वेळ बघत होता. मग विचारलं, ह्यात बसायला एकच जागा दिसती, मग पद्माक्का कुठं बसायची? मी म्हणालो, तिला दुसऱ्या खेपेला. तर म्हणतो, दुसऱ्या खेपेला ती बसली तर चालवणार कोण?

हा तांत्रिक प्रश्न आहे. पुढे पाहू.

जाताना म्हणाला, मोटार रोज सकाळी सातला सुटती की वो दाजी. मला माहीत आहे कधी सुटते.

३१ जानेवारी.

नंदगडकडचे कळकाचे बांबू आले. सरळ, हलके, उत्तम. साहेब विलायतेतलं कुठलंसं लाकूड सांगतो, पण साहेबाला नंदगड माहीत नाही.

अडचण एक. चिकटवायला काय? प्लॅनमध्ये एक डिंक लिहिला आहे, त्याचं नाव इथल्या एकाही दुकानदाराला कळेना. शेवटी एकानं सरस काढून दिला. कशाचा करतात विचारलं, तर म्हणाला, कातड्याचा आणि हाडांचा. तिथेच ठेवून आलो. ज्या विमानातून पद्मावतीला आणायचं, ते हाडांवर उभं करायचं काय? घरात पाऊल ठेवू देणार नाही ती त्याला.

संध्याकाळी पाच वाजता उपाय सुचला. चिंचोक्याची खळ! धनगर घोंगड्याला देतात ती. घोंगडं कसं ताठ उभं राहतं. सांध्यांनाही तीच आणि पंखांचं कापड ताठ करायलाही तीच. शुद्ध, स्वदेशी, अहिंसक. युरोपात हा शोध अजून लागलेला नाही.

अक्काताईनं चिंचोके भाजायला घेतले. म्हणाली, खळ करायची तर लई करावी लागंल, इमान मोठं हाय. तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच उत्साह दिसला.

१४ फेब्रुवारी.

साहेब लिहितो, ज्याला सायकल चालवता येते त्याला विमान चालवता येईल. मला सायकल येत नाही. शिकायला सुरुवात. चिकोडी रस्त्यावर प्रॅक्टिस. तीन वेळा पडलो. हवेत पडायला वस्तू नसतात, म्हणून ते सोपं असणार.

२१ फेब्रुवारी.

सायकल: पाच वेळा. एकदा म्हशीवर.

७ मार्च, रविवार.

सांगाडा आकाराला आला. मागे थोडी जागा उरते. साहेबाच्या प्लॅनमध्ये तिथे काहीच नाही. मी तिथे एक छोटी बैठक घालायचं ठरवलं. सामानासाठी. डबा, छत्री वगैरे.

यल्लाप्पानं माप विचारलं. सांगितलं: रुंदी दहा इंच, पाठ चौदा इंच, पाय सोडायला नऊ, आणि पुढून बांधायला एक पट्टा. वजन किती बसणार, विचारलं. पंधरा शेर. सगळं तोंडपाठ, फुटपट्टीसुद्धा काढावी लागली नाही. प्लॅन डोक्यात इतका पक्का बसला आहे.

यल्लाप्पा या वेळी आगंगिल्ल म्हणाला नाही. लाकूड उचलून गेला. हळूहळू त्याचा विश्वास बसत चालला आहे. प्रोग्रेस.

१४ मार्च.

बैठक झाली. यल्लाप्पानं सगळे कोपरे घासून गोल केले आहेत. सामानाला गोल कोपरे कशाला, म्हणून विचारलं. असू दे अण्णा, म्हणाला. त्याचा एक दिवस फुकट गेला. कारागिरांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते.

पाडवा एक महिन्यावर. पंख नाहीत, चाकं नाहीत, इंजिन नाही. बाकी तयारी पूर्ण.

१३ एप्रिल.

आज काम नाही.

१४ एप्रिल.

आजही नाही.

१८ एप्रिल, रविवार.

पाडवा होऊन गेला. तारीख पुढे ढकलली. अक्षय्यतृतीया जास्त शुभ आहे.

अक्काताईनं विचारलं, चौदा तारखेला शांतेला वरीस झालं, देवळात आला न्हाईस ते. विमानाचं काम होतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मागच्या खोलीला तर कुलूप हुतं. त्या दिवशी नक्की कुठे होतो हे मलाही नीट सांगता येणार नाही. चालत होतो एवढं खरं. शिप्पूरपर्यंत गेलो असेन.

काही वाटलं नाही. नोंद म्हणून लिहितो.

२३ मे.

पद्मावतीचं पत्र. वर्षात पहिलं. जिनाप्पाच्या हातून आलं. एकच ओळ: विमान झालं की कळवा.

किती समजूतदार बाई! जिनाप्पा सारखं मोटार मोटार करतो, आणि हिला माझ्या कामाची अशी ओढ. चार वेळा वाचलं. उलट उत्तर लिहिलं: पंखांचे सांगाडे पूर्ण, खळ उत्तम बसते आहे, दसऱ्याला निश्चित.

जिनाप्पा म्हणाला, दाजी, ती रागानं लिवलीया. त्याला विमानातलं काही कळत नाही.

२४ मे.

सांबऱ्याच्या माळाचा नकाशा काढला. सासुरवाडीच्या शेताला लागून आहे, ओसाड, सपाट, लांबच लांब. विमान उतरायला यापेक्षा चांगली जागा सबंध जिल्ह्यात नाही. माझ्याशिवाय हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लोक तिथे शेरडं चारतात.

११ जुलै.

पाऊस. पंखांवर कापड चढवून खळीचे चार हात दिले. वाळत नाहीत. यल्लाप्पा म्हणाला, अण्णा, ही खळ पावसात नासणार. मी त्याला साहेबाच्या मासिकातलं चित्र दाखवलं. चित्रात ऊन होतं.

२५ जुलै.

डाव्या पंखावर पांढरी बुरशी. बारीक, एकसारखी, मऊ. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की यानं कापडाची छिद्रं बुजतात. निसर्गच मदत करतो आहे. राहू दिली.

८ ऑगस्ट.

मुंग्या. खळीला लागल्या. उजव्या पंखात आतून बाहेरून चालू आहे. यल्लाप्पा म्हणाला, रॉकेल मारू या, एका दिवसात जातील. मी हात जोडले. चातुर्मास चालू आहे, आणि नसता तरी हे शक्य नव्हतं.

उपाय: वखारीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अक्काताईनं रोज कणीक आणि साखर घालायची. मुंग्या तिकडे जातील.

१५ ऑगस्ट.

गेल्या. तिकडचंही खातात आणि परत येताना पंखावरून येतात. आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत. वखारीतली मालुबाई तंबाखूची पानं निवडता निवडता मोठ्यानं म्हणाली, दिवाणजींच्या इमानात मुंग्याच बसून जाणार बघा, आपल्याला न्हाय जागा. बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो. हसताना आवाज आला, म्हणजे हसलोच असेन.

५ सप्टेंबर.

मालकांची जुनी मोटारसायकल वखारीत धूळ खात होती. तिचं इंजिन मागितलं, मालक हो म्हणाले. माझ्याकडे बघून जरा घाईनंच हो म्हणाले. हल्ली सगळे माझ्याशी असंच बोलतात, मी जे मागेन त्याला हो म्हणून पटकन निघून जातात. विमानाबद्दलचा आदर.

१९ सप्टेंबर. दुपारी ३.

इंजिनची पहिली टेस्ट. यशस्वी म्हणता येईल.

इंजिन पुढे बसवलं, यल्लाप्पानं केलेला पंखा लावला. बाहेर पाऊस होता म्हणून वखारीतच चालू केलं. सातव्या झटक्याला लागलं. आवाज भरदार. पंखा इतका उत्तम फिरला की वखारीतल्या बारा वर्षांच्या तंबाखूची सगळी धूळ जागची उठली. निवडणाऱ्या बावीस बायका एकाच वेळी शिंकायला लागल्या. पानांचे गठ्ठे उडाले. मालुबाई डोळ्यांना पदर लावून ओरडत होती, बंद करा वो दिवाणजी, मुडदा बशिवला त्या इंजिनाचा! बंद कसं करायचं हे मासिकाच्या पुढच्या अंकात होतं. पेट्रोल संपेपर्यंत अकरा मिनिटं चाललं.

मालक आले, तेही शिंकत होते. म्हणाले, भुजबली, हे सगळं उद्या बाहेर काढ. रागावून नाही, सावकाश बोलले. मग म्हणाले, घरी जा, पद्मावतीबाईंना घेऊन ये, चार दिवस रजा घे.

रजा कशाला? मोटार सातला सुटते आणि मोटारीला वेळ लागतो. त्यांना सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबा.

१४ ऑक्टोबर, दसरा.

विमानाची पूजा केली. झेंडूची माळ घातली. अक्काताईनं पुढच्या बैठकीवर फूल ठेवलं, मागच्या छोट्या बैठकीपाशी आली आणि थांबली. तिथे ठेवलं नाही. सामानाची जागा म्हणून असेल. डोळे पुसत घरी गेली. धूळ अजून आहे.

रविवारी उड्डाण. निश्चय पक्का. अंतर चाळीस मैल, वेळ चाळीस मिनिटं, वारा अनुकूल धरला आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी ६. आजचा दिवस.

दुपारी २. वखारीच्या बैलजोडीनं विमान चिकोडी रस्त्यावरच्या माळावर ओढून आणलं. गाडीवान भरमू. पंख शाबूत. उजव्या पंखातल्या मुंग्याही सोबत आल्या आहेत, इलाज नाही. शंभर-दीडशे लोक जमले. बैल सोडून विमानाच्या चाकाला बांधले, वाऱ्यानं विमान हलू नये म्हणून. वैरण आणायची राहिली.

दुपारी ४. इंजिन लागत नाही.

५. लागत नाही. लोक घरी गेले. यल्लाप्पा प्लग साफ करून आणायला वखारीकडे गेला. तेवढ्यात अक्काताईचा निरोप, दिवस मावळायला आला, पान वाढलंय. विमान थांबेल, सूर्य थांबणार नाही. भरमूला राखण बसवून जेवायला जातो. अर्धा तास. परतल्यावर उड्डाण.

१८ ऑक्टोबर.

कालचा वृत्तांत, क्रमानं.

जेवून परत गेलो तेव्हा थोडा उजेड होता. भरमू झाडाखाली झोपला होता. बैल जागे होते. दिवसभराचे उपाशी, आणि समोर ताठ उभं, खळीत मुरलेलं चाळीस वार कापड. डावा पंख तिसऱ्या फासळीपर्यंत खाल्ला होता. उजवा चालू होता. मी ओरडलो तसे दोघं बुजून दोन दिशांना ओढायला लागले आणि मधे विमान होतं. कळक मोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

भरमू उठून बसला आणि म्हणाला, अण्णा, सरकीपेक्षा चवीनं खाल्ली बघा बैलांनी.

यल्लाप्पा प्लग घेऊन आला. प्लग स्वच्छ झाला होता.

विमान जमिनीपासून वर: शून्य इंच. बैलांची तब्येत: उत्तम.

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या विमानाचं झालं असावं असं वाटत होतं. गेलं दीड वर्ष सगळंच असं दुसऱ्याचं झाल्यासारखं वाटतं. बरं आहे ते एका अर्थी. कामात अडथळा येत नाही.

निश्चय: पुढच्या वेळी खळीत कडुनिंबाचं तेल. बैल तोंड लावणार नाहीत.

२० ऑक्टोबर.

कामाला सुरुवात करणार होतो. खोलीत जाऊन बसलो. संध्याकाळ झाली.

२४ ऑक्टोबर, रविवार.

जिनाप्पा दिवाळीचं आमंत्रण घेऊन आला. विमान बघायचंय म्हणाला. राहिलेलं सगळं मागच्या खोलीत आणून टाकलं आहे. इंजिन, एक चाक, मोडके कळक. धड अशी एकच वस्तू राहिली, ती छोटी बैठक. लाकडी असल्यामुळे बैलांनी खाल्ली नाही.

जिनाप्पा तिच्यापाशी खाली बसला. हात फिरवला. पट्टा ओढून बघितला. विचारलं, दाजी, ह्यात कोण बसणार हुतं? सामान, म्हणालो. डबा, छत्री.

त्यानं पट्टा परत सोडला. मग म्हणाला, छत्रीला पाय सोडायला जागा कशाला लागती वो? ही आमच्या शांतेची बैठक हाय.

मी त्याला प्लॅन दाखवायला उठलो. प्लॅनमध्ये ती बैठक नाही हे मला उठल्यावर आठवलं.

यल्लाप्पा दारात उभा होता. जिनाप्पानं त्याच्याकडे बघितलं. यल्लाप्पा म्हणाला, माप सांगितलं तवाच कळलं मला, पाळणा मीच केलता न्हवं. मग दोघं बाहेर गेले.

२५ ऑक्टोबर.

फुटपट्टी घेऊन बैठक मोजली. दहा, चौदा, नऊ. मापं अचूक आहेत. पण मी ती कधी घेतली?

आठवलं. मोटारीत ती माझ्या मांडीवर होती. निपाणीपासून घाटापर्यंत. हात तिच्याभोवती होते. माप तिथलं आहे.

२८ ऑक्टोबर.

दिवाळीत मोटारीला गर्दी असते. दिवाळीनंतर जाणं सोयीचं.

१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.

सातच्या मोटारीला गेलो होतो. गर्दी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, येताय काय दिवाणजी? मी म्हणालो, आज वखारीत काम आहे, उद्या बघू.

हे शब्द तोंडातून गेले आणि मी तिथेच उभा राहिलो. मोटार गेली. हेच शब्द. सोमवारच होता तोही.

आज वखारीत गेलो नाही. अक्काताईला सांगितलं, उद्यासाठी डबा कर. तिनं लगेच लाडूचं पीठ भाजायला घेतलं.

२ नोव्हेंबर, मंगळवार. सांबरा. दुपारी ३.

मोटार सातला सुटली. बेळगावला अकरा वाजून दहा मिनिटं. चार तास दहा मिनिटं. वंटमुरीच्या घाटात इंजिनात पाणी घालायला थांबली. मी घड्याळ हातात धरून बसलो होतो. दहा मिनिटं.

त्या दिवशीही दहाच मिनिटं थांबली होती.

या वहीत पहिल्या पानावर मी नऊ तास लिहिलं आहे. ते खोटं आहे. त्या दिवशी मोटार वेळेवर होती. रस्ता आज होता तसाच होता. सोमवारी सकाळीच पद्मावती म्हणाली होती, पोरीचं लक्षण बरं न्हाय, आजच्या मोटारीनं जाऊया. डॉक्टरही आजच न्या म्हणाले होते. खरेदीदार यायचे होते. मी म्हणालो, आज वखारीत काम आहे, उद्या बघू. चूक रस्त्याची नाही.

बेळगावहून सांबऱ्याला चालत आलो. तो माळ ओलांडून यावं लागतं. सपाट आहे. शेरडं चरत होती.

पद्मावती अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. वाळली आहे. मान वर करून विचारलं, कशानं आलासा? मोटारनं, म्हणालो. किती वेळ लागला? चार तास. ती म्हणाली, हं. आणि परत शेंगा निवडायला लागली.

मी शेजारी बसलो आणि सोमवारचं सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमानं. मग मी रडलो. खूप वेळ, अंगणात, सासूबाई आणि जिनाप्पा समोर असताना. दीड वर्षात पहिल्यांदा.

पद्मावती म्हणाली, मला काय ठावं न्हवतं व्हय? मी हुतो की तितं. तुम्ही कवा सांगतासा ते बघत बसलो हुतो. आणि तुम्ही इमान करत बसलासा.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, ती बैठक अजून आहे का. जिनाप्पानं सांगितलं असणार. आहे, म्हणालो. बघायची हाय मला, म्हणाली, आणि आत गेली. येताना हातात बोचकं होतं. गाठीवरची धूळ बघून कळलं की ते आज बांधलेलं नाही.

उद्या सकाळच्या मोटारीनं निघायचं. ती म्हणाली, येतो, पर खिडकीला न्हाय बसायचो, घाट बघवत न्हाय. मी बसेन म्हणालो.

निश्चय: खिडकीशी बसणे.